रमणबाग ते मुकुंदनगर: सवाईच्या मैदानाचं प्रकरण

2018 च्या डिसेंबरात पुण्याचा शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव पहिल्यांदाच मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरला. त्याआधीच्या श्रोत्यांच्या एका अख्ख्या पिढीला सवाई म्हटलं की न्यू इंग्लिश स्कूलचं रमणबागेतलं मैदान डोळ्यांसमोर यायचं. शनिवारवाड्यापासून चालत काही मिनिटांवर, केसरीवाड्याच्या शेजारपाजारात. पेठांमधली मंडळी शाल गुंडाळून, पिशवीत थर्मास टाकून पायीच यायची. ते मैदान यापुढे मिळणार नाही हे कळल्यावर पुण्यात जी हळहळ झाली ती मुख्यतः आठवणींची होती, आणि ती खरीच होती. त्या हळहळीत एक प्रश्न मात्र मागे पडला. 1953 पासून चालत आलेल्या, देशभरातून श्रोते येणाऱ्या महोत्सवाला या शहरात हक्काची जागा का नाही?

प्रकरण पुण्याचं असलं, तरी गावच्या यात्रेतल्या जलशापासून तालुक्याच्या सांस्कृतिक महोत्सवापर्यंत उघड्यावर कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाला लागू पडेल असं त्यात बरंच आहे. म्हणून ते नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

रात्र गेली तेव्हाच जागा बदलली होती

सवाई गंधर्व म्हणजे गायक रामभाऊ कुंदगोळकर. 1952 मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा महोत्सव सुरू केला. आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाचं. मूळ रूप रात्रभराच्या मैफलींचं होतं. रात्री गाणं सुरू व्हायचं ते उजाडेपर्यंत चालायचं, आणि शेवटच्या रात्रीची पहाट भीमसेनजींच्या गाण्याने व्हायची.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा रात्री 12 पर्यंत वाढवू शकतं, त्यापलीकडे नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. सवाईपुरता याचा अर्थ सरळ होता. कार्यक्रम दुपारी सुरू करून 10 च्या ठोक्याला थांबवायचा, शनिवारी सवलत मिळाली तर 12 पर्यंत गायचं, आणि तीन रात्रींत मावणारं गाणं चार-पाच दिवसांवर पसरायचं.

मैदान तेच राहिलं, पण माझ्या मते महोत्सवाची जागा खऱ्या अर्थाने बदलली ती तेव्हा. आपल्या संगीतात रागाला वेळ असते. दुपारी 4 ला मैफल सुरू झाली की भीमपलास, मुलतानी, पटदीप येतात. दिवेलागणीला मारवा, पूरिया धनाश्री, श्री, मग यमन आणि त्यापुढचे राग. 10 ला पडदा पडणार असेल तर दरबारी आणि मालकंस शनिवारच्या वाढीव वेळेवर अवलंबून राहतात, आणि ललित, भटियार, भैरव यांना वेळच उरत नाही. कलाकार आपल्या मर्जीने राग निवडतो असं आपण म्हणतो, पण इथे निवडीची चौकट मैदानाने आणि घड्याळाने आखलेली असते.

याच नियमात एक वाट मोकळी ठेवलेली आहे. बंदिस्त सभागृहात, आवाज आतल्या आत राहत असेल, तर रात्री 10 नंतरही ध्वनिक्षेपक चालतो. कोलकात्याच्या डोव्हर लेन संगीत संमेलनाने ती वाट धरली. 1952 मध्ये दक्षिण कोलकात्यातल्या त्याच नावाच्या गल्लीत सुरू झालेलं हे संमेलन आता रवींद्र सरोवराजवळच्या नजरुल मंचावर, छताखाली होतं आणि आजही रात्रभर चालतं. म्हणजे जवळपास एकाच वयाच्या दोन महोत्सवांपुढे एकच पेच आला. कोलकात्याकडे रात्र राहिली आणि पहाटेचे राग राहिले. पुण्याकडे उघडं मैदान राहिलं, सतरंजीवरची बैठक राहिली, हजारो माणसं एकत्र बसण्याची सोय राहिली.

यातलं कोणतं बरोबर हे ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. गरज आहे ती हे आधी ओळखण्याची. जागेच्या शोधात निघालेली समिती पहिल्याच बैठकीत 'किती माणसं मावतील' इथून सुरुवात करते. त्याआधी विचारायला हवं की आपल्या कार्यक्रमातलं काय गेलं तर तो आपला राहणार नाही. भजनी मंडळाचा रात्रजागर असेल तर त्याचं उत्तर वेगळं, ऑर्केस्ट्राचं वेगळं, लोककलांच्या महोत्सवाचं आणखी वेगळं. सवाईचं उत्तर 'मोठा, सर्वांना परवडणारा, एकत्र बसणारा श्रोतृवर्ग' असं होतं. ते उत्तर एकदा मान्य केलं की जवळपास हजार खुर्च्यांचं बालगंधर्व रंगमंदिर आपोआप बाद होतं, मग ते कितीही सोयीचं असो.

बैठकीचं गणित

सवाईला खुर्च्या आहेत, सोफेही आहेत, पण या महोत्सवाचा जीव भारतीय बैठकीत आहे. तिकीट स्वस्त ते तिथे, आणि दाद सर्वांत आधी उठते तीही तिथूनच. मांडी घालून बसलेल्या माणसाला साधारण दोन फूट बाय अडीच फूट जागा लागते. त्या हिशेबाने 10,000 चौरस फुटांच्या मोकळ्या पट्ट्यात कागदावर 2,000 माणसं बसतात. प्रत्यक्षात येण्याजाण्याच्या वाटा, कॅमेरे, ध्वनिव्यवस्थेचं टेबल, पाण्याची जागा आणि आपत्कालीन मार्ग सोडले की 1,500 बसली तरी पुष्कळ. कागदावरच्या आकड्याने तिकिटं विकणारे आयोजक पहिल्याच संध्याकाळी अडचणीत येतात.

बैठकीचा आणखी एक गुण आहे, जो जागा पाहायला गेलेल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. खाली बसलेल्या श्रोत्यांना उताराची गरज कमी लागते. सपाट मैदानावरही बेताच्या उंचीचा स्वरमंच पुढच्या डोक्यांवरून दिसतो. खुर्च्या लावल्या की स्टेज उंच करावं लागतं, उंच स्टेजमुळे पहिल्या रांगांना मान वर करून बसावं लागतं, आणि मागच्यांसाठी मोठे पडदे लावावे लागतात. आसनव्यवस्था कशी असणार हे मैदान पाहायला जाण्याआधी ठरलेलं असलं तर निम्मे वाद मिटतात.

जमीन कशी आहे हेही खाली बसूनच पाहावं. डिसेंबरात पुण्याची रात्र झोंबते. मातीतला गारठा सतरंजीतून वर येतो आणि तास-दोन तासांनी गुडघे बोलू लागतात. खाली जाड आच्छादन, त्यावर जाजम, त्यावर गादी हा खर्च मैदानाच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा असतो. ज्येष्ठ श्रोते पाच दिवस टिकायचे असतील तर त्यात काटकसर करू नये.

आवाज कुठवर जातो

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत सगळ्यांत नाजूक आवाज तानपुऱ्याचा. मंडपाच्या शेवटच्या टोकाला बसून तानपुरा ऐकू येत असेल तर जागा आणि ध्वनिव्यवस्था दोन्ही जमल्या असं खुशाल समजावं. त्यासाठी आधी आजूबाजूचा गोंगाट कमी हवा. रस्त्यावरचा हॉर्न, बसचा ब्रेक, मंडपामागचा जनरेटर यांना कापडी कनात अजिबात अडवत नाही. खर्जातला आवाज तर तिच्यातून सहज आरपार जातो, आतूनही आणि बाहेरूनही.

उघड्यावर ध्वनिक्षेपकापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्टेजलगतच्या मोठ्या ध्वनिक्षेपकासमोर 5 मीटरवर 95 डेसिबल असतील, तर 10 मीटरवर 89, 20 मीटरवर 83, 40 मीटरवर 77 आणि 80 मीटरवर 71 उरतात. म्हणजे मागच्याला जेमतेम पोचावं म्हणून पुढच्याच्या कानठळ्या बसवायच्या. याला उपाय म्हणजे आवाज वाढवण्याऐवजी वाटून देणं. स्टेजवर बेताचा आवाज आणि मंडपात ठरावीक अंतरावर छोटे ध्वनिक्षेपक. मात्र हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर वेगाने जातो, त्यामुळे स्टेजवरून निघालेला ठेका 50 मीटरवर पोचायला जवळपास 145 मिलिसेकंद लागतात. मधल्या ध्वनिक्षेपकातून तोच ठेका वायरीने आधीच येऊन पडला, तर श्रोत्याला तबल्याची थाप दोनदा ऐकू येते. म्हणून मधल्या ध्वनिक्षेपकांना मुद्दाम तेवढा उशीर द्यावा लागतो. साउंडवाल्याशी बोलताना हा एक प्रश्न विचारून पाहा. तो अंतर मोजायला टेप घेऊन उठला तर माणूस जाणकार आहे.

वाटून दिलेल्या आवाजाचा शेजाऱ्यांनाही फायदा होतो. नियमानुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसरातल्या आवाजापेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. पुण्यातलं जवळजवळ प्रत्येक मैदान घरांनी वेढलेलं आहे, रमणबाग काय आणि मुकुंदनगर काय. तिथे हा आकडा काठावर उभं राहून मोजायचा असतो, मिक्सरच्या टेबलाशी बसून नाही.

डिसेंबरच्या रात्रीची आणखी एक गोष्ट. सूर्य मावळला की जमीन झपाट्याने गार होते, वरची हवा त्या मानाने उबदार राहते. अशा वेळी वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दुपारी जिथे काहीच ऐकू येत नव्हतं तिथे रात्री 9 ला शब्द न् शब्द ऐकू येतो. म्हणून भर दुपारी मैदान पाहून, दोन-चार टाळ्या वाजवून 'आवाज छान आहे' म्हणण्याला अर्थ नाही. ज्या महिन्यात कार्यक्रम आहे त्याच महिन्यात, त्याच वेळी जाऊन, ध्वनिक्षेपक लावून, हद्दीबाहेरच्या घरांच्या गच्चीवरून ऐकावं. शेजाऱ्यांची ओळखही त्याच निमित्ताने होते, आणि तक्रारीचा फोन पोलिसांऐवजी आयोजकांकडे येऊ लागतो.

नकाशावरच्या इतर जागा

पुण्यात मोकळी जागा शोधायला निघालं की तीच चार-पाच नावं पुढे येतात. शनिवारवाडा दिसायला देखणा आणि पेठांच्या मध्यावर, पण वाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिथे खिळा ठोकायचा तरी पुरातत्त्व खात्याकडे जावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पुढच्या पटांगणाला भर रस्त्याचा शेजार आहे, आलापीचं काय होईल हे सांगायला नको. मुठेचं पात्र डिसेंबरात कोरडं आणि प्रशस्त दिसतं, प्रदर्शनाला किंवा जत्रेला चालूनही जाईल, पण नदीचा वास, डास आणि दमट गारठा यांत बैठक जमणं कठीण. शिवाय नदीच्या पात्रात वर्षानुवर्षांची परंपरा रुजवू नये असं माझं ठाम मत आहे. स्वारगेटचा गणेश कला क्रीडा मंच मोठा आहे, बसची सोय उत्तम, पण त्याची रचना पायऱ्यांची. जाजमावरची बैठक तिथे मोडते.

मुंबईच्या शिवाजी पार्कची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 28 एकरांचं मैदान, सभा-मेळाव्यांचा मोठा इतिहास, आणि तरी 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं. रहिवाशांचं म्हणणं न्यायालयाला पटलं होतं. मैदान मोठं आहे, वापर जुना आहे, एवढ्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही हे त्यातून दिसतं. शाळेच्या मैदानांबाबतही हा प्रश्न असतोच, कारण रुग्णालयं, शैक्षणिक संस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर करावं लागतं. मैदान पक्कं करण्याआधी ते जाहीर झालेलं आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

मुकुंदनगरला काय मिळालं, काय गेलं

महाराष्ट्रीय मंडळ ही 1924 पासूनची व्यायामप्रसाराची संस्था. तिचं मुकुंदनगरचं क्रीडासंकुल ऐसपैस आहे आणि शहराचं मोठं बसस्थानक असलेलं स्वारगेट तिथून जवळ आहे. रमणबागेच्या अरुंद रस्त्यांवर गाडी लावायला जागा शोधताना निम्मं पहिलं गाणं हुकायचं. इथे तो त्रास कमी झाला. पुस्तकं, वाद्यं, छायाचित्रांचं प्रदर्शन, खाण्याचे स्टॉल मंडपापासून जरा लांब ठेवता आले. हे लांब ठेवणं फार मोलाचं आहे. खाण्याच्या रांगेतला गलका मैफलीत येत नाही, आणि रांगेत उभ्या असलेल्याला पडद्यावर स्टेज दिसत राहतं.

गेलं ते पायी येणारं माणूस. पेठेतले सत्तरीचे आजोबा, ज्यांना एका गायकाला ऐकून घरी जाऊन जेवून पुन्हा येता यायचं, त्यांना आता रिक्षा करावी लागते, आणि एकदा रिक्षा करायची म्हटलं की पाचापैकी दोनच दिवस येणं होतं. कार्यक्रम दुपारी सुरू होतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांचंही गणित बदललं. कचेरीतून 6 ला निघणाऱ्याला शहराच्या कोंडीतून पोचेपर्यंत संधिप्रकाशाचे राग संपलेले असतात. 2024 च्या सप्टेंबरात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला, त्यावर कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं आहेत. पेठांना मुकुंदनगर पुन्हा थोडं जवळ आलं. स्वारगेटपासून मैदानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला महोत्सवाच्या दिवसांत छोट्या बसची फेरी असावी, असं मला मनापासून वाटतं. जागा निवडताना पाहायला हवं की शेवटचं गाणं संपल्यावर एकटी आलेली बाई घरी कशी जाणार. येण्याची वाट सगळे तपासतात, जाण्याची फारच थोडे.

एक शहाणपणाची गोष्ट महोत्सवाने जागेच्या बाबतीत आधीपासून केली आहे. लघुपटांचा 'षड्ज' आणि मुलाखतींचा 'अंतरंग' हे उपक्रम मोठ्या मंडपात न करता शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात, छोट्या सभागृहात होतात. बोलणं ऐकायला शेकड्यांची जागा पुरते, गाणं ऐकायला हजारोंची लागते. सगळं एकाच मैदानात कोंबण्याचा मोह गावोगावच्या महोत्सवांना होतो आणि मग निवेदन, सत्कार, चर्चासत्र, गाणं यांना एकच फुगलेला मंडप मिळतो, जो कशालाच नीट पुरत नाही.

श्रोते मुकुंदनगरला गेले. भीती होती तसं झालं नाही. कलाकार, वेळ, बैठक आणि डिसेंबर या चार गोष्टी जाग्यावर राहिल्या, म्हणून पाचवी हलवता आली. उद्या दुसऱ्या एखाद्या महोत्सवाला मैदान सोडावं लागलं, तर एका वर्षात एकच गोष्ट बदलावी, हे मी या प्रकरणावरून सांगेन. जागा, तारीख आणि तिकिटाची पद्धत तिन्ही एकदम बदलली तर श्रोता कोणत्या कारणाने आला नाही हेही कळत नाही.

मैदान कुणाचं

परवानग्यांची यादी मंडळांच्या कार्यकर्त्यांना पाठ असते: पोलिसांचा ध्वनिक्षेपक परवाना, वाहतूक शाखा, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, विद्युत निरीक्षक, मंडपाच्या मजबुतीचा दाखला. हे सगळं पळापळ करून मिळतं. मिळत नाही ती खात्री. शाळेचं मैदान आधी मुलांचं असतं. पाच दिवसांच्या कार्यक्रमासाठी ते उभारणी आणि आवराआवर धरून दोन आठवडे तरी अडतं, आणि तेवढे दिवस मुलांचा खेळ बुडतो. संस्थेला उद्या तिथे काही वेगळं उभारायचं असेल तर तो तिचा हक्क आहे. त्यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. दोष असलाच तर शहराच्या आखणीत आहे. विकास आराखड्यात खेळाची मैदानं, उद्यानं, नाट्यगृहं यांची आरक्षणं असतात, पण बसून गाणं ऐकण्यासाठी राखलेली, वीज, पाणी, स्वच्छतागृहं आणि निचऱ्याची कायमची सोय असलेली मोकळी जागा त्यात शोधूनही सापडत नाही. पुण्यासारख्या गावाने ती मागायला हवी, आणि आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात त्या मुदतीत लेखी मागायला हवी. मुदत संपल्यावर त्या मागणीचा उपयोग होत नाही.

तोवर मागून घेतलेल्या मैदानांवरच भागवायचं आहे, तर करार तरी एका वर्षाचा नसावा. तीन किंवा पाच वर्षांचा असावा, आणि मैदान द्यायचं नसेल तर किमान एक वर्ष आधी कळवायचं हे त्यात लिहिलेलं असावं. अवकाळी पावसाने कार्यक्रम पुढे ढकलावा लागला तर पर्यायी तारखा कोणत्या, हेही त्यातच यावं, कारण डिसेंबरातला पाऊस आता नवलाचा राहिलेला नाही. शिवाय मैदान परत करण्याचं कलम हवं: खांबांचे खड्डे कुणी बुजवायचे, रोलर कुणी फिरवायचा, खिळे आणि तारा वेचून झाल्याचं कुणी तपासायचं, आणि मुलं कोणत्या तारखेपासून पुन्हा खेळायला उतरतील. या कलमासाठी अनामत रक्कम आयोजकांनी स्वतःहून जास्त द्यावी आणि तपासणीला क्रीडाशिक्षकांना बरोबर घ्यावं. पुढच्या वर्षी संस्थेच्या बैठकीत मैदान द्यायचं की नाही हा विषय निघेल, तेव्हा त्यांचंच मत विचारलं जाणार आहे.